सल्ला हवा: दगडी किवी, तुरट पर्सिमन, बेचव ड्रॅगन फ्रूट. काय चुकतंय?

कच्चीकैरी:
एकदम बरीच अनोळखी फळं घरात आली आहेत. ६ किवी (दगड), ४ पर्सिमन (दोन चपटी, दोन टोकदार), २ ड्रॅगन फ्रूट, ५ मँगोस्टीन, ३ अव्होकाडो. टोकदार पर्सिमन कापून एक फोड खाल्ली, तर तोंड असं आवळलं की पाणी पिऊनही जाईना. एक किवी कसंबसं चिरून दह्यात घातलं, ते तासाभरात कडू. ड्रॅगन फ्रूट म्हणजे नुसतं थंड पाणी. बाकीच्यांचं काय करू? मँगोस्टीन उघडायचं कसं?

देठासकट:
आधी दोन ढीग करा. तोडल्यावर पिकणारी एकीकडे: किवी, पर्सिमन, अव्होकाडो. ड्रॅगन फ्रूट दुसरीकडे, ते तोडलं त्या दिवशी जेवढं गोड होतं तेवढंच राहणार. मँगोस्टीनचा रंग तोडल्यावरही गडद होतो, पण आता ते जांभळं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, खाऊन टाका.

पहिल्या ढिगाला छोटी अढी घाला. कागदी पिशवीत ३-४ फळं आणि एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद, तोंड सैल दुमडून, फ्रीजबाहेर. केळ्यातून सुटणारा इथिलीन वायू बाकीच्यांना पिकवतो. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि देठापाशी बुरशी येते. किवीला २ ते ५ दिवस लागतात. रोज एकदा अंगठ्याने हलकं दाबून बघा. पिकलं की लगेच फ्रीजमध्ये. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर पिकणं रखडतं, आणि अव्होकाडो तर आतून करडा पडतो.

सालपट:
किवी-दह्याचं कोडं: हिरव्या किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तोडलेल्या तुकड्यांची चव कडू. म्हणून किवी दह्यात घालायचंच असेल तर वाटी हातात घेताना घाला. जिलेटिनची जेली याच कारणाने जमत नाही. फोडी आधी दोन-तीन मिनिटं उकळल्या तर जमते, पण मग ताज्या किवीची चव गेलीच. पिवळ्या गराच्या किवीत हे एन्झाइम फारच कमी. त्याची साल गुळगुळीत, आंबटपणाही बेताचा, दह्यात घालायला तेच बरं.

अवांतर: किवी मुळात चीनचं. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने तिथून बिया न्यूझीलंडला नेल्या. पक्ष्याचं नाव चिकटलं ते १९५९ मध्ये, तेही निर्यातदारांच्या सोयीसाठी.

टेंभुर्णी:
पर्सिमनवर लिहिते, कारण बदनाम तेच जास्त होतं.

चपटं, टोमॅटोसारखं दिसतं ते बहुधा फुयू. ते कडक असतानाच खायचं, सफरचंदासारखं चिरून. साल जाड वाटली तर काढा. टोकदार, मोठ्या ओकफळासारखं ते हाचिया. यात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जिभेचा ओलसरपणाच गेल्यासारखा होतो. फळ पूर्ण पिकताना हेच टॅनिन न विरघळणारं बनतं, मग जिभेला कळत नाही. म्हणजे तुरटपणा जातो तो साखर वाढली म्हणून नाही.

'पूर्ण' म्हणजे किती? पाण्याने भरलेला फुगा तळहातावर धरल्यासारखं लागलं पाहिजे. साल अर्धपारदर्शक दिसते, आत जेली. एक बाजू जरी टणक असली तरी तेवढ्या घासात तोंड आवळणार. देठाची टोपी उपटून चमच्याने खा.

घाई असेल तर अख्खं फळ फ्रीझरमध्ये २४ तास, मग फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्या. तुरटपणा बराचसा जातो, गर मात्र लिबलिबीत होतो. आणि तुरट पर्सिमन हट्टाने पोटभर खाऊ नका. ते टॅनिन पोटात घट्ट गोळा करू शकतं. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर लांबच राहावं.

रसाळ:
ड्रॅगन फ्रूटही त्याच पिशवीत टाका की, होईल गोड.

देठासकट:
@रसाळ, नाही होणार. निवडुंगाचं फळ आहे, झाडावरून उतरलं की गोडी वाढत नाही. मऊ पडेल एवढंच. निवड करतानाच बघायचं: लाल सालीवर पांढरा गर असेल तर चव सौम्य, लाल गर जरा बरा, आणि पिवळ्या सालीचं, दक्षिण अमेरिकेतलं, सगळ्यांत गोड. (पिवळं एका वेळी फार खाऊ नका, काहींचं पोट सैल होतं.) हातातल्या दोन्हींचं असं करा: उभं अर्धं कापा, मधला गर वेगळा काढा, गोडी तिथेच जास्त असते. कडेच्या गरावर लिंबू पिळून चिमूटभर मीठ. लाल गर खाल्ल्यावर लघवी तांबूस दिसली तर घाबरू नका, तो बीटासारखाच रंग आहे.

पाकळी:
मँगोस्टीन: फळ उलटं करा. बुडाला फुलासारखी नक्षी दिसेल, तिच्या पाकळ्या मोजा. आत तेवढ्याच फोडी! पाकळ्या जास्त म्हणजे फोडी लहान आणि बी असलेल्या कमी, म्हणून ६-७ पाकळ्यांचं फळ आधी उचला.

सुरी मध्यावर गोल फिरवा, जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल. मग दोन्ही भाग उलटसुलट पिळा, वरची टोपी निघून येते. सुरी खोल गेली तर सालीचा जांभळा रस पांढऱ्या गराला लागतो आणि तुरट करतो. कपड्यांवरचा डाग सहसा जात नाही. साल दाबली जात नसेल तर फळ जुनं किंवा आपटलेलं. गरावर पिवळा डिंक दिसला तर तेवढा भाग काढा, कडू असतो.

अव्होकाडोचं राहिलं: काळ्या पडणाऱ्या खडबडीत सालीचा असेल तर हास. रुडॉल्फ हासने कॅलिफोर्नियात १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रंगावर एकट्यावर जाऊ नका, देठापाशी दाबून बघा.

कच्चीकैरी:
मँगोस्टीन जमलं, सातच्या सात फोडी! एक शेवटचं: ते कापलेलं टोकदार पर्सिमन फेकू का? शिजवून जॅम केला तर?

टेंभुर्णी:
फेकू नका, जॅमही नको. कापलेलं फळ धड पिकत नाही, त्यामुळे गुंडाळून फ्रीझरमध्येच टाका आणि उद्या अर्धवट वितळल्यावर चमच्याने खाऊन बघा. शिजवायच्या भानगडीत पडू नका, उष्णतेने गेलेला तुरटपणासुद्धा परत येतो.