प्रेमाचे दोन शब्द आधी ऐकू तर जाऊ द्या

तापीकाठचा:
काल इथे एकाने लिहिलं, ‘वृद्धाश्रमात चष्मे नि कानाची मशीनं वाटून काय उपयोग? वय झालं की दिसणं-ऐकणं जाणारच. त्यापेक्षा प्रेमाचे दोन शब्द बोला.’ ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापर्यंत हे शब्द कुरिअरने पाठवायचे का? जळगावजवळच्या एका आश्रमात मी जातो. तिथल्या एक आक्का भात तसाच टाकून उठायच्या. सगळे म्हणायचे, नखरे! डोळ्याच्या पडद्याची झीज झालेली, त्यात पांढऱ्या ताटात पांढरा भात, दिसणार काय? गडद ताट दिलं, जेवायला लागल्या. आणि पाठीमागून ओरडू नका. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, सावकाश बोला. वयाने आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. किंचाळलात तर नुसता गोंगाट पोचतो.

भुसावळकर नाना:
तो ‘एकाने’ म्हणजे मीच. पडद्याच्या झिजेला चष्म्याने काय फरक पडला, ते सांगा की! आमच्याकडे शिबिरात कानामागची मशीनं वाटली. आठ-पंधरा दिवसांत सेल संपले, मग कोणी फिरकलं नाही. मशीनं कपाटात, फोटो पेपरात.

धुळ्याची सून:
नाना, त्या सेलचा स्टिकर सोलला की वापरा न वापरा, सेल उतरतोच. तुमच्याकडे कोणीतरी सगळे एकदम सोलून ठेवले असतील. शिकवलं कोणी?

अमळनेरी:
सेल सोडा, ते ३००० रुपये आले का कोणाला? मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे, चष्मा, कानाचं मशीन असलं काही घ्यायला, ६५ च्या पुढच्यांना. आमच्या काकांचं आधार पोराकडे, पासबुक पोराकडे, पोरगा सुरतला. अंगठे झिजलेले, मशीन ठसाच घेत नाही. आणि ३००० त कानाचं धड मशीन कुठे मिळतं, तेही सांगा.

शेवभाजी स्पेशल:
मूळ दुखणं वेगळंच आहे. खान्देशात पूर्वी होते का वृद्धाश्रम? सुनांना सासू नको.

धुळ्याची सून:
आल्या सुना! आई-वडील नि ज्येष्ठांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा वाचा. सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सून त्यात नाही. तरी सासूबाईंना कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं. मळाचा बोळा निघाला नि खडखडीत ऐकू यायला लागलं. आता माझं फोनवरचं बोलणंसुद्धा ऐकतात, तो भाग वेगळा.

शेवभाजी स्पेशल:
ताई, तुम्हाला नाही म्हटलं.

धुळ्याची सून:
मग कोणाला म्हटलं? तुमच्या आईला दवाखान्यात कोण नेतं?

अमळनेरी:
अरे, माझ्या ३००० चं काय?

भुसावळकर नाना:
भांडा तुम्ही. ताटांचं पटलं, नाही असं नाही. गडद हिरवी ताटं मी देतो. फोटोला मात्र बोलवू नका.

तापीकाठचा:
नाही बोलवत. पण ताटांसोबत कपाटातली ती मशीनंही काढा. सेलचा नंबर बघून नवे आणा, १३ चा असेल तर स्टिकर केशरी असतो. आणि तो आत्ताच सोलू नका भो!