बॉडी बदलली, आवाज तोच : बास गिटारच्या लाकडाला किती भाव द्यायचा?

चौथी_तार

आधी हकिगत सांगतो, मग भांडू.

माझा बास फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा, बॉडी बासवूडची. (बासवूडमधल्या 'बास'चा वाद्याशी संबंध नाही, ते लिंडनचं लाकूड. दर वेळी कुणीतरी विचारतंच.) दोन वर्षं जो भेटेल तो सांगत होता, की बासवूड म्हणजे पुठ्ठा, स्वॅम्प ॲश घे, खालचे स्वर कसे छातीत बसतात बघ. शेवटी मागवली बाहेरून. कस्टम ड्युटी धरून बासच्या मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे गेले.

नेक, म्हणजे दांडी, तोच ठेवला. पिकअप (तारेची थरथर विजेत उतरवणारं चुंबक), पॉट (बटणाखालचा रेझिस्टर), कॅपॅसिटर तेच. तारासुद्धा त्याच, सैल करून काढल्या आणि पुन्हा चढवल्या. पिकअपची तारेपासूनची उंची मोजून तेवढीच ठेवली. बदलायच्या आधी आणि नंतर एकच ओळ वाजवून, अँप न लावता थेट रेकॉर्ड केली. मग बँडमधल्या तिघांना ऐकवलं. ड्रमर म्हणाला, दुसरा जास्त भरीव आहे. त्याला मी दोन्ही वेळा एकच फाइल लावली होती.

खरा फरक मलाही ऐकू आला नाही. बास हलका झाला, खांद्याला बरं वाटतं, एवढंच. 'जी'च्या तारेवर पाचव्या फ्रेटला (पडद्याला) जो 'सी' आहे, तो आधीही दोन सेकंदांत मरायचा, आताही मरतो.

तेव्हा माझं मत असं : आधी तारा, मग पिकअप कुठे बसवलाय ते, मग पिकअप कसला आहे ते, मग आतलं सर्किट. लाकूड सगळ्यात शेवटी. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतः गिटार वाजवायचा नाही. १९५१ च्या प्रिसिजनला त्याने ॲश लावलं आणि १९५६ च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी आल्डरवर गेला. ॲशची छिद्रं भरत बसावी लागतात, आल्डरवर रंग सरळ बसतो आणि ते स्वस्तही पडायचं. हे कारखान्याचं गणित. आपण त्यातून सुरांचं शास्त्र काढलं.

रंधा

दादा, तुमच्या प्रयोगातून ड्रमरचा कान कसा आहे ते सिद्ध झालं. बाकी तुम्ही स्वतःच स्वतःच्या विरुद्ध पुरावा दिलाय, लक्षात आलं का? तो मेलेला 'सी'.

मी गिटारी बांधतो, फार नाही, वर्षाला चार-पाच. फेंडरच्या घडणीच्या बासमध्ये 'जी'च्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान कुठेतरी स्वर लवकर मरतो, हे दुरुस्तीवाल्या प्रत्येकाला माहीत आहे. इंग्रजीत डेड स्पॉट म्हणतात. कारण साधं आहे. चौतीस इंची स्केल, म्हणजे लांब आणि सडपातळ नेक, त्याच्या टोकाला हेडस्टॉक आणि चार जडशीळ खुंट्या. पाण्यात उडी मारायच्या फळीसारखा तो नेक आपल्या गतीने हलतो. तुमचा 'सी' १३१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १३१ कंपनं. नेकची आपली गती तिथेच कुठेतरी पडली, की तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकतो. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी गिटार-बासच्या नेकची हालचाल फ्रेटगणिक मोजून हे दाखवलंय.

बॉडी बदलूनही तो हलला नाही, कारण तो बॉडीत नव्हताच. नेकही लाकडाचाच असतो ना? 'लाकूड सगळ्यात शेवटी' म्हणताना तुम्ही अर्धं लाकूड मोजायचंच विसरलात. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो : बॉडीचं लाकूड डोळ्यांनी निवडा, नेकचं हाताने. मॅपलचे दोन नेक एकाच फळीतून कापले तरी एक ताठ निघतो, एक लेचापेचा.

लाकूड आवाजात काही घालत नाही, काढून घेतं. कुठला स्वर किती काढून घेतं, त्यात सगळी गंमत.

ठेका_चुकला

टोन बोटात असतो. विषय संपला.

चौथी_तार

@ठेका_चुकला, हे वाक्य आलं नाही तर धागा पूर्ण होत नाही, आभार. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेमर्सन, त्याचंच घ्या. मोटाउनच्या त्या सगळ्या ओळी तो उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवायचा, मान्य. पण त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा होत्या, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. त्याच बोटाला नव्याकोऱ्या राउंडवाउंड (खरखरीत वेढ्यांच्या) तारा द्या, फोम काढा, मग सांगा बोटातला टोन कुठे गेला.

@रंधा, नेकचं पटतंय. थोडं. पण ताठपणा म्हणा की, 'लाकडाचा टोन' कशाला म्हणायचं? ताठपणा कार्बन फायबरनेही मिळतो. १९८० च्या सुमारास स्टाइनबर्गरने हेडस्टॉकच नसलेला, फायबरचा बास काढला, आत ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप. त्यात लाकडाचा पत्ता नाही, आणि तरी त्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डवर तो आहे.

रंधा

स्टाइनबर्गरमध्ये डेड स्पॉट जवळजवळ नसतात आणि प्रत्येक स्वर सारखा टिकतो. लोकांना तोच आवाज 'निर्जीव' वाटला, म्हणून पुन्हा लाकडाकडे आले. बासचा अंगभूत पदार्थ बदलला की आवाज बदलतो, एवढंच माझं म्हणणं होतं. ते तुम्हीच सांगितलंत.

सोल्डरकाका

तुम्ही दोघं झाडावर चढून भांडताय, मी खाली वायर घेऊन उभा आहे.

चाळीस वर्षं अँप आणि मिक्सर उघडतोय. एक हिशेब करून दाखवतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याचा इंडक्टन्स पाच हेन्री धरू. गिटारच्या वायरला मीटरमागे शंभरएक पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पाच मीटर वायर लावली तर पाचशे. दोघांचं मिळून फिल्टर तयार होतं, त्याचा उंचवटा येतो ३२०० हर्ट्झजवळ. आता तीच वायर दहा मीटरची घ्या. उंचवटा २२५० वर उतरला. वरचा सगळा कडकडाट गायब. बासला हात लावला नाही, लाकूड बदललं नाही, फक्त स्टेज मोठं होतं.

म्हणून विचारतो : चौथी_तार, तुम्ही दोन्ही रेकॉर्डिंगला एकच वायर वापरली का?

टोनचं बटण म्हणाल तर पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बासमध्ये ते वरचं कापतं, बस्स. अडीचशे किलोओहमचा पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पाच-पन्नास रुपयांचा माल. लोक तेलात भिजवलेल्या कागदाचा जुना कॅपॅसिटर हजारो रुपयांना आणून लावतात. आकडा तोच असेल तर कानाला तेच ऐकू येणार. माझ्याकडून लावून घेतात, मी लावून देतो, मजुरी सोडत नाही.

खरा पालट १९७६ साली म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने आणला. त्याआधी अलेम्बिकवाले ॲक्टिव्ह सर्किट घालायचे, पण ते एकेक बास हाताने बनवायचे, किंमत आपल्या आवाक्याबाहेर. स्टिंगरे कारखान्यातून निघाला, नऊ व्होल्टची बॅटरी पोटात घेऊन. पिकअपच्या पाठीला बफर (सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट) लागला, की पुढे वायर पाच मीटर असो की पंधरा, फारसं बिघडत नाही. वर बास-ट्रेबल आता वाढवताही येतं. तो खणखणीत आवाज ॲश आणि मॅपलमुळे आला म्हणणाऱ्यांनी एकदा बॅटरी काढून बघावी.

त्या बॅटरीचा जाच मात्र आहे. जॅक घुसवला की सर्किट चालू होतं, तो रात्रभर बासमध्येच राहिला तर बॅटरी खलास. गणपतीत एका मंडपात दुसऱ्या गाण्याला बास फाटका येऊ लागला. साउंडवाला माझ्याकडे बघतोय, मी अँपकडे. शेवटी टॉर्च दाखवणाऱ्या मुलाच्या टेस्टरमधून नऊ व्होल्टची बॅटरी काढून लावली.

गल्लीतला_मार्कस

काका, मानलं. पण सत्तरच्या दशकातला ॲश-मॅपलचा जॅझ बास (फेंडरचंच दुसरं मॉडेल) आणि साठचा आल्डर-रोझवूडचा, यांच्यात फरक नाही म्हणता? बासवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ डोळे मिटून ओळखू येतो. स्लॅप केला, म्हणजे अंगठ्याने तार ठोकली, की काच फुटल्यासारखा.

चौथी_तार

ओळखू येतो. पण त्यात काय काय बदललेलं आहे ते बघा. सत्तरच्या दशकात जॅझ बासचा मागचा पिकअप ब्रिजकडे साधारण एक सेंटिमीटर सरकवला गेला. पिकअप ब्रिजजवळ गेला की मूळ स्वर क्षीण होतो, वरचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले बारीक स्वर) पुढे येतात. वर मिलरच्या बासमध्ये रॉजर सॅडॉव्स्की या कारागिराने प्रीअँप (ॲक्टिव्ह सर्किट) घातला, ब्रिज बदलला. पिकअप हलला, सर्किट आलं, लोखंड बदललं, अंगठा मिलरचा, आणि श्रेय कुणाला? ॲशला!

जागेचं महत्त्व लोक मनावर घेत नाहीत. पिकअप तारेच्या एकषष्ठांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा सहावा स्वरांश त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या बिंदूला तार त्या स्वरांशापुरती हलतच नाही. एवढं स्वच्छ गणित लाकडाबद्दल कुणी मांडून दाखवावं.

मिरजेची_तार

मी बास वाजवत नाही, आमच्याकडे तंबोरे-सतारी होतात. मुलगा बँडमध्ये आहे, त्याने हे वाचायला दिलं.

तंबोऱ्यात भोपळा आणि तबली हवा हलवतात, म्हणून आमच्यात लाकूड जुनं किती, भोपळा कुठला, यावर माणसं भांडतात आणि ते भांडण खरं असतं. तुमच्या वाद्यात हवा हलवायचं काम स्पीकर करतो. त्यामुळे तंबोऱ्याचं तत्त्व बासला लावू नये, असं मला वाटतं.

पण एक आहे. मुलाने पडदे नसलेला बास ऐकवला, फ्रेटलेस. त्यात स्वर सोडल्यावर जो 'म्वाँ' असा उमलत जातो, ती जवारीच आहे हो! तार सपाट पृष्ठावर अगदी निसटता स्पर्श करत राहते आणि वरचे स्वर एकामागून एक उघडतात. आम्ही घोडी कानसेने घासतो, केसभर जास्त गेली तर जवारी बसते. म्हणजे जिथे तार टेकते तो पृष्ठभाग कठीण की मऊ, याने आवाज नक्की बदलणार. तिथे इलेक्ट्रॉनिक्स पोचायच्या आधीच आवाज ठरलेला असतो.

रंधा

मिरजकर काका, कसं बोललात! बासवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट उपटून फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला, तो राउंडवाउंड तारांनी लाकूड खरवडलं जाऊ नये म्हणून. पण त्याने पृष्ठ काचेसारखं कठीण झालं आणि तो गाणारा आवाज निघाला. फ्रेटलेसमध्ये मी शिसव आणि एबनी दोन्ही लावून बघितलंय, फरक पोरालाही कळतो.

चौथी_तार

म्हणजे तिथेही शेवटी इपॉक्सीच गातोय, लाकूड त्याच्याखाली झाकलेलं. पण फ्रेटलेसपुरतं मागे घेतो.

शिसवी_खुर्ची

शिसवाचा विषय निघालाच म्हणून. जगभरच्या फिंगरबोर्डांवर जे 'इंडियन रोझवूड' असतं, ते आपलं शिसव. आजोबांच्या कपाटाचं लाकूड. २०१७ च्या जानेवारीत साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत त्या प्रजातीतली सगळी झाडं आली, शिसव लावून देशाबाहेर विक्रीला जाणाऱ्या गिटारला परवान्याचे कागद लागायला लागले आणि फेंडरने मेक्सिकोतल्या गिटारींवर पाउ फेरो हे दुसरं लाकूड लावलं. केवढी ओरड झाली, टोन गेला, टोन गेला! २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या अडीच-तीन वर्षांतली रेकॉर्डिंग्ज ऐकून कुणी वेगळी काढून दाखवावीत. फ्रेट लावलेल्या बासवर तार धातूच्या पट्टीला टेकते, शिसवाला नाही.

गल्लीतला_मार्कस

लँकेस्टर विद्यापीठाचा अभ्यासही आहे. सहा गिटारी, फक्त मागच्या-बाजूच्या फळ्यांचं लाकूड वेगळं, ५२ वादकांना वाद्य नीट दिसू न देता वाजवायला दिली. महाग ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्त सपेलीत फारसा फरक कुणी सांगू शकलं नाही. (मी ॲशच्या बाजूने होतो ना? असू दे.)

रंधा

त्या अकूस्टिक होत्या, आणि त्यांची वरची फळी सगळीकडे एकच होती. पाठीच्या लाकडाचा अभ्यास बासच्या नेकवर नका थापू.

बाकी वाद घालून उपयोग नाही. @चौथी_तार, घरात छोटा सी-क्लॅम्प आहे का, सुतारी? कापडाची घडी घालून हेडस्टॉकला आवळा, आणि तो 'सी' वाजवा. टोकाचं वजन वाढलं की नेकची गती खाली येते. परदेशात हेच काम करणारं पितळी डबडं विकतात, फॅट फिंगर नावाचं. तुम्ही फुकटात करा.

चौथी_तार

केलं काल रात्री.

'सी' जिवंत झाला. मी मनात मोजत होतो, दहाच्या पुढे गेलो तरी वाजत होता. हसूच आलं. मग बाकीचे फ्रेट तपासले, तर आता चौथ्या फ्रेटचा 'बी' मेलाय. अगदी तसाच, दोन सेकंदांत. क्लॅम्प काढला की 'बी' उठतो, 'सी' पडतो. चार वेळा करून बघितलं, बायको येऊन विचारून गेली काय चाललंय.

तर रंधाशेठ, नेकपुरतं तुमचं खरं. ॲशच्या बॉडीचे पैसे गेले ते गेले.

सोल्डरकाका

वायरचं उत्तर राहिलं.

चौथी_तार

काका, वायर... आधीच्या रेकॉर्डिंगला तीन मीटरची होती, नंतर ती तुटली म्हणून सहाची घेतली. म्हणजे फरक ऐकू यायला हवा होता आणि तोही मला आला नाही. आता कुणी काही बोलू नका.

सोल्डरकाका

टोनचं बटण कुठे होतं?

चौथी_तार

अर्ध्यावर.

सोल्डरकाका

मग कसा येईल? वायर जे कापणार ते बटणाने आधीच कापलं होतं. आणि ॲश वरचं जे काही देणार असेल, तेही. पूर्ण उघडून, एकाच वायरने, पुन्हा करा.

रंधा

बघा!

चौथी_तार

जुनी बॉडी परत लावायची म्हणजे आठ-दहा स्क्रू आणि एक रविवार. करतो. तोवर शनिवारचा कार्यक्रम आहे. आमची निम्मी गाणी पांढरी एकमध्ये (म्हणजे 'सी') आणि निम्मी पांढरी तीनमध्ये (म्हणजे 'ई'). एकची क्लॅम्प लावून वाजवणार, तीनमध्ये 'बी' लागतो म्हणून तो काढून. गाण्यांचा क्रम तसा लावून घेतलाय, गायिकेला अजून कारण सांगितलेलं नाही.