मधुमेह आणि ताठरता: डॉक्टरांना नेमकं सांगायचं काय?

शेवंती: यजमान ४६ वर्षांचे. मधुमेह जुना, बीपीची गोळीही चालू. वर्षभरात लिंगाची ताठरता हळूहळू कमी झाली, आली तरी मध्येच जाते. डॉक्टर घरोब्यातले, त्यामुळे तोंड उघडत नाही. कुणाकडे जावं आणि सुरुवात कशी करावी?

गोदाकाठ: ताई, साखरेचं औषध जे देतात त्यांच्याकडेच आधी जा. डोळे, पाय, किडनी तपासतात तशीच हीसुद्धा मधुमेहाची गुंतागुंत आहे. साखर नसांना आणि रक्तवाहिन्यांना दोन्हीकडून पोखरते. ओळखीमुळे अगदीच जमत नसेल तर सरळ युरोलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) गाठा. 'अशक्तपणा वाटतो' असं गोल बोललं की टॉनिक लिहून मिळतं. बसल्याबसल्या एवढंच म्हणायचं: "डॉक्टर, वर्षभरापासून ताठरता टिकत नाही." पुढचं ते विचारतील. पहाटे ताठरता येते का, इच्छा आहे का, तंबाखू-दारू किती, याची उत्तरं मनाशी ठरवून जा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, कारण बीपीच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही हे होतं. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तपासण्या साध्या असतात: तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन). शेवटची सकाळी, शक्यतो उपाशीपोटी. कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करूनच निदान करतात. ईसीजीचंही विचारा. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून अडथळा बऱ्याचदा तिथे आधी जाणवतो.

औषधवाला_सातारा: सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची व्हायग्रासारखी गोळी, दुकानातून परस्पर आणू नका, हे कळकळीने सांगतो. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेत असतील तर सिल्डेनाफिल घ्यायचंच नाही, रक्तदाब धोकादायक कोसळतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही जपावं लागतं. डॉक्टरांनी दिलं तर साधारण ५० मिलिग्रॅमपासून, संबंधाच्या तासभर आधी, २४ तासांत एकदाच. तळकट, जड जेवणावर घेतलं तर असर उशिरा होतो. नुसती गोळी घेऊन वाट बघत बसल्याने काही होत नाही, स्पर्श आणि उत्तेजना लागतेच. एकदोनदा फसलं म्हणून 'लागू पडत नाही' असं ठरवू नका. ताठरता चार तासांवर राहिली तर थेट इस्पितळ.

आणि ताई, गोळी कधी घेतली हे तुम्हालाही माहीत हवं. नंतर छातीत दुखलं तर तिथल्या डॉक्टरांना आधी हेच सांगायचं, नाहीतर नायट्रेट दिलं जाईल. लपवण्याचा खरा धोका हा आहे.

शेवंती: पहाटे कधीकधी येते. मग मनाचं असेल का? एस.टी. स्टँडजवळच्या 'हमखास इलाज'वाल्या दवाखान्यात जायचं म्हणतात.

मीरा_समुपदेशक: तिथे नको. नपुंसकत्व बरं करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. अशा 'वनौषधी' कॅप्सुलांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं आढळलं आहे, म्हणजे वरचा नायट्रेटचा धोका नकळत घरात येतो.

पहाटे येते याचा अर्थ यंत्रणा पूर्ण बंद नाही. पण मधुमेह आणि धास्ती दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून तपासण्या टाळू नका. जोडीला काही आठवडे संबंध करायचाच नाही असं दोघांनी ठरवा. आठवड्यातून दोनतीनदा निवांत, नुसता स्पर्श. सुरुवातीला गुप्तांगं वगळून, मग हळूहळू तीही. 'आज जमेल का' ही परीक्षा त्याने टळते. पहिल्या भेटीला बरोबर जा, पण पाचदहा मिनिटं त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.