मदत हवी आहे: मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गिरणी, नैवेद्य आणि एकत्र स्वयंपाकघर कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं. लोहाची औषधं झाली, जंतांची झाली, बीट-खजूर झालं. पोट सतत फुगलेलं, उंची जागच्या जागी. "आईनं खाण्याकडे लक्ष द्यावं" हे दोन ठिकाणी ऐकून घेतलं. शेवटी जानेवारीत एका डॉक्टरांनी टीटीजीची (या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपी आणि बायॉप्सी. सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होते. गहू आणि जव आयुष्यभर बंद.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. शाळूची भाकरी घरात रोजची, त्यामुळे मला वाटलं, निभेल. पोळी, शिरा, शेवया, ब्रेड, बिस्किटं त्याच दिवशी बंद केली. पण जुलैत परत तपासलं तर टीटीजी जेमतेम उतरलेला आणि पोटदुखी तशीच. पथ्य नीट होत नाहीये, असं सांगितलं गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगी वाढदिवसाच्या केकला हात लावत नव्हती, अजून काय करायचं राहिलं होतं?

त्याच आठवड्यात, डब्यातली भाकरी मऊ राहावी म्हणून काय करतात ते मोबाइलवर शोधत होते. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं, "मैं अपने सिलिअ‍ॅक बेटे को ऐसे ही देती हूँ." त्यांना मेसेज केला, त्यांनी एका ग्रुपमध्ये घेतलं. बहुतेक आया पंजाब, हरियाणा, दिल्लीकडच्या. तोडक्यामोडक्या हिंदीत आमची सगळी हकीकत लिहिली. पहिला प्रश्न आला: "हींग कौन सी है?"

उठून डबी पाहिली. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले, त्यात गव्हाचं पीठ. सहा महिने रोज वरणाच्या फोडणीत मीच ते घालत होते. मग मांडणीवरचा एकेक डबा खाली काढला. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट, म्हणजे जव. तिथल्याच एका आजींनी विचारलं, पीठ कुठून आणतेस? गिरणीतून, म्हटलं. आधी कुणाचं गव्हाचं दळण झालं असेल तर जात्यात राहिलेलं पीठ पुढच्या दळणात उतरतं, हे मला तेव्हा कळलं. चार दिवसांत त्या अनोळखी बायकांनी मला जे शिकवलं, त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

पण आपल्या घरातले प्रश्न त्यांना सांगून समजत नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

गिरणीवाले काका भले आहेत, "ज्वारीवरच ज्वारी दळून देतो" म्हणतात. तेवढं पुरेसं आहे का? की घरघंटी घ्यावीच? खर्च मोठा आहे, म्हणून विचारते.

दुसरं, सासूबाई. नातीवर जीव आहे त्यांचा. पण "प्रसादाच्या कणभर शिऱ्यानं काय होतंय?" हे त्यांच्या मनातून जात नाही. आणि पुढच्या महिन्यात गौरी. आमच्याकडे पुरणपोळीचा नैवेद्य असतो. आदल्या दिवसापासून घरभर कणीक आणि मैदा. पोरीला दुसऱ्या खोलीत बसवायचं का?

धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्यालाही आत्तापासूनच गहू बंद करू का?

— शाळूची_भाकरी

नागलीपापड: ताई, आधी शेवटच्याचं उत्तर. धाकट्याचा गहू आत्ता अजिबात बंद करू नका. सख्ख्या भावंडांत शक्यता जास्त असते, तपासणी कराच, पण गहू पोटात जात असतानाच टीटीजी खरा कळतो. आधी बंद केला तर रिपोर्ट फसवा येतो. आणि मुलीचा आकडा उतरायला वर्षभर किंवा जास्तही लागतं, धीर सोडू नका.

घरघंटी घ्या. आम्ही सेकंडहँड घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. नवी नसेल तर आधीच्यांनी त्यात काय दळलं ते विचारा. ज्वारी दळण्याआधी निवडा, पोत्यात गव्हाचे दाणे असतातच. पोळपाट, चाळणी, तवा मुलीचं वेगळं.

कुडाळकर_काकू: अगं, पोरीला खोलीत कशाला बसवतेस? पुरण म्हणजे डाळ आणि गूळ. कणीक मळण्याआधी तिच्या वाटणीचं पुरण बाजूला काढ आणि तांदळाच्या उकडीत भरून मोदक कर. आमच्याकडे हळदीच्या पानावरच्या पातोळ्या होतात, त्यात गव्हाचा कणही नसतो. तिलाच पानावर पीठ थापायला बसव. डब्याच्या भाकरीला उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढ, मगच मळ, आणि गरम असतानाच तूप लावून फडक्यात गुंडाळ.

नागलीपापड: सासूबाईंना मी एक गोष्ट सांगितली होती, तुम्हीही सांगून बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. दुष्काळाचे दिवस, पण याच आजाराची मुलं सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हे मांडलं. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चिमूटभर शिरा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

शाळूची_भाकरी: काल रात्री आईंना ती पावाची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आज सकाळी बघते तर जुना पोळपाट घासून उन्हात ठेवलेला, आणि म्हणाल्या, "हा गव्हाचाच राहू दे, तिच्यासाठी नवा आण." संध्याकाळी आणते. काकू, पुण्यात हळदीची पानं कुठे मिळतील?