शाळेजवळच्या हॉटेलात कॅसिनो येतोय म्हणे, अडवायचा कसा?

बार्देशकर:
नमस्कार मंडळी. गाव गोव्यात बार्देशातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेच्या मागे मोठं हॉटेल उभं राहतंय आणि फाईव्ह स्टार मिळाला की तळमजल्यावर कॅसिनो काढणार असं कानावर आलंय. कागदावर अजून काही नाही, तिथलाच एक जण गाड्यावर भजी खाता खाता बोलून गेला. शाळेचं गेट आणि हॉटेलचं गेट यात दोन मिनिटांचं अंतर, रस्ता एवढासा की बालरथ (शाळेची बस) वळताना आपण स्कूटर मागे घ्यायची. बारला शाळेपासून १०० मीटरची अट असते ना, तशी कॅसिनोला आहे का? कॅसिनोंनी पणजीचं झालं ते आमच्याकडे नको.

मळेकर:
कसली अट. गोव्याचा १९७६ चा जुगाराचा कायदा, त्यात १९९२ ला फाईव्ह स्टार हॉटेलांतल्या जुगाराच्या मशीनना वाट करून दिली, १९९६ ला बोटींवरचे टेबल गेम आले. कलम १३अ काढून वाचा, हॉटेल आहे, बोट आहे, फी आहे, शाळेचं नाव नाही. आणि गंमत म्हणजे बोटी 'ऑफशोअर', म्हणजे समुद्रातल्या म्हणायच्या आणि उभ्या पणजीत मांडवी नदीत, जुन्या सचिवालयासमोर. पर्रीकर विरोधात होते तेव्हा याच बोटींवर तुटून पडायचे, मुख्यमंत्री झाले, बोटी तिथेच. मुदतवाढीवर मुदतवाढ चाललीय. २०१७ च्या पावसात तर एक बोट मिरामारच्या वाळूत येऊन रुतली, आम्ही पोरांना घेऊन बघायला गेलेलो. रस्त्यावर पॅकेजवाले एजंट पार्क केलेल्या स्कूटरना कार्डं अडकवून जातात, माझा चौथीतला मुलगा ती जमवतो, चकचकीत असतात म्हणून. सत्तावीस झालीत. आता त्याला काय सांगणार.

बांदेवाला:
मी बोटीवर डीलर आहे, सात वर्षं झाली, त्यामुळे शिव्या घालायच्या तर घाला. सिंधुदुर्गातली किती पोरं या पगारावर घर चालवतात ते पण बघा की, आमच्याकडे दुसरं आहे काय? पण शाळेजवळ नको, हे मी पण म्हणेन. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना आत बंदी आहे, गेटवर आयडी बघतात, आमच्या बाजूच्यांना मात्र महाराष्ट्राचं आधार असल्यामुळे कोण अडवणार. मागच्या गणपतीनंतर आमच्या वाडीतलाच एक जण माझ्या टेबलावर येऊन बसला. मी पत्ते वाटले, त्याने लावले, हरला, परत लावले. दोन तास समोरासमोर होतो आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. पुढच्या महिन्यात गावी कळलं की बायकोच्या पाटल्या गहाण आहेत, मी गप्प.

पीटीएवाली:
@बार्देशकर, भावना नंतर, आधी कागद. परवाना गृह खात्याकडून मिळतो, पंचायतीकडून नाही, त्यामुळे आरटीआय तिकडे टाका, या पत्त्यावर कॅसिनोसाठी अर्ज आलाय का एवढंच विचारा, लांबण लावू नका. पंचायतीत बांधकाम परवान्याची फाईल बघा, नकाशात तळमजल्यावर काय दाखवलंय ते. बँक्वेट हॉल लिहिलेलं असतं आणि मग बघता बघता... ग्रामसभेत ठराव घ्या, तो सरकारला बंधनकारक नसतो हे खरं पण कोर्टात गेलात तर तोच पहिला कागद लागतो, नुसता हात वर करून भागत नाही, इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत हातात घेऊनच उठा. शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा ठराव वेगळा करा. आणि जुगार वाईट वगैरे भाषण नको हो, समोरचे हसतात. गोव्याच्याच माणसाला आत जायला बंदी असलेली जागा गोव्याच्याच शाळेला लागून का, हे विचारा, बघा कोण काय उत्तर देतं.

मळेकर:
महाराष्ट्राने १९७६ चा स्वतःचा कॅसिनो कायदा कधी लागूच केला नाही आणि २०२३ ला रद्दच करायचं ठरवून टाकलं. सगळे जुगारी आमच्याकडे पाठवायचे, भारी आहे 😀

बांदेवाला:
खेळायला येणारे पण आमचे, पत्ते वाटणारे पण आमचे.

बार्देशकर:
धन्यवाद ताई, आरटीआय उद्याच टाकतो. ग्रामसभा येत्या रविवारी आहे. अडचण एकच, हॉटेलच्या कामावर जो जेसीबी चालतोय तो पंचांपैकीच एकाच्या भावाचा आहे. ठराव मांडायला मी उभा राहीन, पण अनुमोदन द्यायला कोण उठेल? शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, मी सरकारी माणूस, मला यात घेऊ नका.

पीटीएवाली:
हेडमास्तरांना सोडा, पालकांमधल्या बायकांना पुढे बसवा. आणि अनुमोदन देणारी दोन नावं शनिवारीच पक्की करून ठेवा, एक ऐनवेळी आजारी पडतंच.