टिळकांना ॲडमिशन नकोय!

एका ताईंनी लिहिलंय की सुप्रीम कोर्टाच्या २०२३च्या निकालानंतर अमेरिकन कॉलेजच्या प्रवेश-निबंधात मुलांनी आपल्या भारतीयपणाबद्दल चकार शब्द काढू नये. तसं नाहीये. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली हे खरं, पण त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे मुलाने मांडलं तर कॉलेजने ते विचारात घ्यायला हरकत नाही. फक्त ते त्याच्या हिमतीशी, कुवतीशी जोडलेलं हवं. कॉमन ॲपच्या (एकाच अर्जावर अनेक कॉलेजांत प्रवेश मागायची सोय) निबंधाच्या पहिल्याच प्रश्नात पार्श्वभूमी, ओळख, आवड हे सगळं आहे.

खरी गोची आहे या मुख्य निबंधाच्या ६५० शब्दांच्या मर्यादेची. मंडळातल्या मुलांचे खर्डे मी वाचून देतो. ढोलपथकात ताशा वाजवणाऱ्या एका मुलीचा अर्धा निबंध टिळक आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांतच संपला होता. म्हटलं, अगं, टिळकांना ॲडमिशन नकोय! पुढच्या खर्ड्यात आली ती बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी, गराजमधला सराव, वैतागलेले शेजारी, आणि ताशा चुकला की अख्खं पथक कसं घसरतं ते. पोरगी लख्ख दिसली. (आईबाबांनो, तुमची 'दोन बॅगा घेऊन आलो'ची कथा कृपया त्यात घुसडू नका.)

शिवाय बरीच कॉलेजं वेगळे छोटे निबंधही मागतात. ताशा तिथे वापरायचा असेल, तर मुख्य निबंधाला दुसरा विषय शोधा.