बी-४०३ चा निरोप समारंभ (नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांस कळविण्यात येते की बी-४०३ मधील मानसी व अमित हे कन्येसह पुढील महिन्यात मेलबर्न येथे कायमच्या वास्तव्यास जात आहेत. त्यानिमित्त रविवारी सायं. ६ वा. क्लबहाऊसमध्ये निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. प्रति फ्लॅट रु. १५०.

मानसी बी-४०३: काका, ‘कायमच्या’ कुठे? पीआर, म्हणजे तिथे राहायचा परवाना मिळालाय, एवढंच 😄

सी-१०२: दीडशे? मागच्या वेळी शंभर होते.

सेक्रेटरी काका: स्मृतिचिन्हाचा दर वाढला आहे.

ए-५०४ (भाऊ सिडनीला): मानसी, मिक्सर बिनधास्त ने. तिकडे आपल्यासारखेच २३० व्होल्ट, फक्त प्लगच्या पिना तिरक्या असतात. अमेरिकेसारखी भानगड नाही. कुकरच्या रिंगा आणि शिट्टी जास्तीची घे.

ए-५०४: आणि विमानात कार्ड भरायला देतात, त्यात खायचं काही आहे का विचारतात. मसाले, लोणचं, लाडू, जे असेल ते ‘आहे’ म्हणून खूण कर. दाखवलं आणि नको म्हणाले तर फार तर टाकून देतील. लपवलं तर जागेवर दंड.

डी-३०१ वहिनी: मी तिच्यासाठी कढीपत्त्याचं रोप तयार केलंय 😔

ए-५०४: वहिनी, रोप नको, बी नको, माती तर अजिबात नको.

डी-३०१ वहिनी: बरं. मग सेक्रेटरींना देते.

बी-२०१ (बँकवाले काका): अमित, साधं बचत खातं तसंच ठेवता येणार नाही. बँकेत कळवून एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करून घे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही. आणि इथलं सिम बंद करू नकोस. ओटीपी त्याच्यावरच येतात, लोक नंतर रडतात.

अमित बी-४०३: एनआरओचा फॉर्म दिलाय काका. सिमचं लक्षात ठेवतो 🙏

सी-७०२: आयडीपी (परदेशात गाडी चालवायचं परमिट) काढलं का? वाशी आरटीओ. एक वर्ष चालतं. पोरीचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, तिकडे व्हिक्टोरिया राज्यात लसींची नोंद दाखवल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत.

सी-१०२: गणपतीचा हिशोब आता कोण बघणार?

(यावर बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

मानसी बी-४०३: सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका, एक सांगू का, रागावू नका. शाल, स्मृतिचिन्ह नको. दोन बॅगांमध्ये संसार बसवतोय, पितळी फ्रेम कुठे ठेवू? त्याऐवजी एक मागायचंय. आई इथेच राहणार आहेत. खूप म्हटलं चला, नाही म्हणाल्या. त्यांच्यासाठी जेवणाचा डबा, बाई, औषधं सगळं लावलंय. पण काही गोष्टी पैसे देऊन होत नाहीत. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला असतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पण त्यांना ते ॲप जमत नाही. बँकेचा मेसेज आला की कोणीतरी वाचून सांगायला हवं. आणि सीबीआयमधून बोलतोय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, असले फोन आले तर धावत जायला कोणी तरी. आम्ही साडेचार तास पुढे असणार (तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच), त्यांच्याकडे रात्री नऊ वाजले की आमच्याकडे दीड. फोन वाजला तरी आम्ही उठेपर्यंत व्हायचं ते होऊन जाईल.

काकू बी-४०३: मी याच ग्रुपवर आहे.

मानसी बी-४०३: आई 🙈

काकू बी-४०३: सगळं वाचते. चष्मा लागतो, पण वाचते. सीबीआयवाल्याचा फोन मागच्या महिन्यातच येऊन गेला. त्याला म्हटलं, कुकर लावलाय, नंतर कर.

डी-३०१ वहिनी: 😂😂😂

बी-२०१: काकू, कमाल. तरी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. पैसे गेले तर ताबडतोब तिथे फोन करायचा. दाखल्याचं माझ्यावर सोडा, १ नोव्हेंबरला सकाळी माझा करतो तेव्हा तुमचाही करतो.

काकू बी-४०३: चालेल. पण दहानंतर. आधी पूजा असते.

ए-५०४: काकू, तुम्ही का नाही जात? तिकडे महाराष्ट्र मंडळ वगैरे आहे.

काकू बी-४०३: मंडळात मला ओळखणारं कोण? इथे भाजीवाला कोथिंबीर न मागता घालतो. शिवाय जुलैत तिथे थंडी. माझे गुडघे जुलैत पावसाला सरावलेत, थंडीला नाही.

सी-७०२: मी रोज सकाळी ज्वेलच्या बागेत चालायला जाते काकू. जाताना तुमची बेल वाजवीन.

काकू बी-४०३: चालायला येणार नाही. बेल वाजव, चहा घेऊन जा.

अमित बी-४०३: आई, आम्ही रोज फोन करू. तुझ्याकडे दुपारी अडीचला, आमचं ऑफिस आटपल्यावर.

काकू बी-४०३: अडीचला मी झोपलेली असते. माहीत असून विचारतोस.

अमित बी-४०३: मग साडेतीनला.

सेक्रेटरी काका: तर शाल-श्रीफळ रद्द समजावे का? दुकानदाराला ॲडव्हान्स दिला आहे.

सी-१०२: शाल काकूंना द्या. राहणाऱ्याचा सत्कार कधी करतच नाही आपण.

सेक्रेटरी काका: सूचना विचाराधीन.

काकू बी-४०३: शाल नको, कपाटात चार आहेत. वडे करा. जिलबी मागवू नका, गेल्या वेळी चिवट होती.

डी-३०१ वहिनी: विमान नवी मुंबईहून आहे का गं? 😍

मानसी बी-४०३: कुठलं वहिनी! इतकी वर्षं होतोय होतोय म्हणता उलव्याचा विमानतळ एकदाचा सुरू झाला आणि आमचं तिकीट सहारहून.

सी-७०२: मग लवकर निघा. पावसात मानखुर्दला गाडी हलत नाही.

ए-५०४: माझी गाडी घ्या. सामानासाठी वरती कॅरिअर आहे. आता वाशीला टोलही नाही.

काकू बी-४०३: मीही येणार आहे विमानतळावर. परत येताना मला पुढची सीट लागेल.

ए-५०४: तुमचीच आहे काकू.

सेक्रेटरी काका: सुधारित सूचना: रविवार सायं. ६, क्लबहाऊस, वडे व चहा. प्रति फ्लॅट रु. ६०. गणपतीच्या हिशोबासाठी इच्छुकांनी आपले नाव कळवावे.

सेक्रेटरी काका: कृपया नाव कळवावे.